राजाच्या कानाएवढे राज्य

एका राज्यात रातकिडे होते, पण त्यांची किरकिर नव्हती. गवतात रातकिडे बसत, पंखाला पंख घासत, आणि कुणाला काही ऐकू येत नसे. थोरांना नसे, पोरांना नसे. मांजराला ऐकू येई. मांजर कान टवकारून गवताकडे बघत बसे आणि लोक म्हणत, "या मुलखातली मांजरं खुळी."

त्या राज्यात पाच वर्षांचे पोर पाटी हातभर लांब धरून वाची. विशीतली मुलगी सुईत दोरा ओवायला बसली की सकाळची दुपार होई. रंगारी निळे लुगडे म्हणून काळे देई आणि नेसणारीही ते निळे म्हणूनच नेसे. चार माणसे एके ठिकाणी बोलू लागली की आवाज येई, शब्द येत नसत. लग्नात मंगलाष्टक कुठे संपले ते कळत नसे, म्हणून लोक अंदाजाने अक्षता टाकत आणि निम्म्या अक्षता वाजंत्र्यांच्या डोक्यावर पडत. जेवणात मीठ मुठीमुठीने पडे, तरी पंगतीत हाक उठे, "मीठ वाढा हो, मीठ!"

हे असे का? तर राजामुळे.

राजाचे नाव सिंहकेतू. तो पंचवीस वर्षांचा असताना त्याच्या बापाला कुणी दुधातून विष दिले. दाराआड कुजबुज झाली होती, ती बापाला ऐकू गेली नव्हती. दुधाला वास होता, तो बापाला आला नव्हता. कोवळ्या राजाने त्याची धास्ती घेतली. हद्दीपलीकडच्या डोंगरावर पंचाक्ष नावाचा जादूगार राहत असे. राजा त्याच्याकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "वर दे. जे मला ऐकू येणार नाही ते माझ्या प्रजेत कुणालाच ऐकू येऊ नये. जे मला दिसणार नाही, ज्याचा वास, चव, स्पर्श मला लागणार नाही, ते कुणालाच लागू नये. म्हणजे माझ्या पाठीमागे काही घडायचं राहणार नाही."

"नीट विचार केलास?" पंचाक्षाने विचारले.

"केला."

"दिला वर."

पंचवीस वर्षांच्या राजाचे कान हरणाचे, नाक मुंगीचे, नजर घारीची. कुणाला काही उणे वाटले नाही. पण राजाही माणूसच. चाळिशीत त्याच्या कानांतून बारीक आवाज गळाले आणि राज्यातून रातकिड्यांची किरकिर गेली. पंचेचाळिशीत त्याला जवळची अक्षरे पुसट दिसू लागली, तशी पोरासोरांनाही दिसू लागली. साठीत चव मावळली. सत्तरीत त्याच्या डोळ्यांवर पिवळट पडदा आला आणि निळा रंग काळ्यात बुडाला. राजाचे जे जे जाई ते प्रजेचे जाई, आणि पंचाक्षाच्या डोंगरावर पाच रांजणांत साठून राही. लोकांना वाटे, जग असेच असते.

मग पंच्याहत्तराव्या वर्षी राजाला कडक ताप आला. सात दिवसांनी उतरला, पण जाताना राजाचा वास घेऊन गेला. त्याच दिवशी साऱ्या राज्यातला वास गेला. चुलीवर दूध करपले तरी कुणाला कळेना. लोकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि सोडून दिली.

एका बाईने मात्र सोडली नाही.

तिचे नाव धुरपदा. ती सुईण. साठीची, सडपातळ, पायांत भिंगरी. परमुलखातून लग्न होऊन या राज्यात आली होती. चाळीस वर्षांत तिच्या हातांवर निम्मे नगर जन्मले होते, आणि तिची एक रीत होती. मूल जन्मले की ती त्याचे अंग पुशी, पण हात पुशीत नसे. बाळंतिणीची छातीही धुऊ देत नसे. बाळाला आईच्या पोटावर पालथे घाली आणि बायांना म्हणे, "आता कुणी हात लावू नका. त्याच्या मुठींना आतल्या पाण्याचा वास आहे. आईच्या दुधालाही तसाच आहे. वासाचा माग काढत ते आपलं आपण जातं." आणि खरोखर ते एवढेसे मूल, ज्याची नजर वीतभरापलीकडे पोचत नाही, ते सुरवंटासारखे सरकत सरकत आईच्या दुधाशी जाई. धुरपदाने हे हजार वेळा पाहिले होते आणि हजार वेळा तिचे डोळे भरले होते.

राजाचा ताप उतरला त्याच्या चौथ्या दिवशी धुरपदाची लेक हौसा बाळंत झाली. मुलगा झाला. धुरपदाने रीतीप्रमाणे त्याला पोटावर घातले. मूल हलले नाही. हौसाने हाक मारली तशी त्याने मान वळवली, कारण आईचा आवाज ते आतून ऐकून आले होते. पण आवाजाला दूध नसते. परक्या गावात वाट चुकलेल्या माणसासारखे ते थबकले. उचलून छातीशी धरले तर ओठ मिटून घेई. बोंडल्याने दूध घातले तर ठसका लागे आणि घातलेले सगळे बाहेर येई.

तिसऱ्या दिवशी हौसा म्हणाली, "आई, मी ह्याला आवडत नाही का गं?"

"वेडी आहेस. तू त्याला सापडत नाहीस."

एवढे बोलून धुरपदा उठली. तिला बसवेना. दारापासून चुलीपर्यंत गेली, चुलीपासून दारापर्यंत आली. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली. अंगण झाडलेले होते, ते पुन्हा झाडले.

कुंपणाच्या निवडुंगावर एक भारद्वाज बसला होता. त्या राज्यात बाकीची पाखरे नुसती चोच उघडत आणि मिटत. भारद्वाजाचा आवाज तेवढा खोल, हंड्यात बोलल्यासारखा, म्हणून तो ऐकू येई.

"बाई," भारद्वाज म्हणाला, "चूल तिसऱ्यांदा सारवलीस. चुलीला काही झालेलं नाही."

"मग काय करू, पाखरा? बसले की जीव वर येतो."

"मग बसू नकोस. पंचाक्षाच्या डोंगराकडे चालू लाग." आणि त्याने राजाच्या वराची सगळी हकीकत तिला सांगितली.

धुरपदाने पदर खोचला. "मग हौसाला आणि लेकराला पाठीवर घेते आणि हद्दीपलीकडेच नेते."

"उपयोग नाही. ती दोघं इथं जन्मलेली. जगाच्या टोकाला नेलीस तरी राजाच्याच नाकाने हुंगतील. तू परमुलखातली. हद्द ओलांडलीस की तुझं तुला परत मिळेल. म्हणून तूच जा."

"पंचाक्ष भला आहे की वाईट?"

"जे मागाल ते देतो. याहून वाईट काय असतं?"

"आणि बाळ किती दिवस काढील?"

"ते मला विचारतेस? सुईण तू आहेस."

धुरपदाला उत्तर ठाऊक होते. तीन दिवस. लेकराला शेजारणीच्या हवाली करून, दर घटकेला कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायला सांगून ती निघाली.

सकाळ सरता सरता हद्दीचा दगड आला. एक पाऊल अलीकडे, एक पाऊल पलीकडे. पलीकडचे पाऊल पडले आणि तिच्या अंगावर वास कोसळले. चुरडलेले गवत. ओले शेण. दुरून येणारा धूर. तिला घेरी आली. तोल सावरायला तिने पदर तोंडाशी धरला, तर पदराला नातवाच्या टाळूचा वास होता. कोवळा, तेलकट, किंचित आंबूस. तीन दिवस ते लेकरू तिच्या खांद्यावर होते आणि तिला ते आत्ता भेटले. ती तिथेच दगडावर बसली आणि हमसाहमशी रडली. एवढेच तर त्याला हवे होते. मग तिला आठवले की बसायला वेळ नाही, आणि ती उठली.

डोंगरमाथ्यावर पंचाक्ष पाच रांजणांच्या तोंडांना चिखल लिंपत होता. त्याला पाच डोळे होते. दोन जागच्या जागी, एक कपाळावर आणि दोन तळहातांवर. चिखल डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो हाताच्या मागच्या बाजूने लिंपत होता. बाजूला ठकू नावाची धनगराची पोर मेंढरे राखत उभी होती. वय अठरा, कडेवर सहा महिन्यांचे मूल.

"महाराज," धुरपदा म्हणाली, "सिंहकेतू राजाचा वर मोडायचा आहे."

"ज्याने मागितला तो आला नाही. तू कोण?"

"सुईण."

"वर मोडायला तीन कामं करावी लागतात. एक चुकलं की तिन्ही चुकली."

"सांगा."

पंचाक्षाने टाळी वाजवली. झाडांवरून बारा वानरे उतरली. बाराही काळतोंडी, बाराही एका मापाची. त्यांतले एक त्याने पुढे ओढले. "हे नीट बघून घे. सूर्य त्या कड्यावर येईपर्यंत बघ. मग मी सगळी एकत्र सोडतो. हेच ओळखून दे. एकदाच हात लावायचा."

धुरपदाने वानराकडे बघितले. वानराने तिच्याकडे बघितले. तिला ते वानरासारखे दिसले, याहून जास्त काही दिसले नाही. साठ वर्षे तिने माणसांची तोंडे बघितली होती. मग तिची नजर ठकूच्या कडेवर गेली.

"पोरी, तुझं लेकरू जरा दे."

"का? ते काय साक्ष देणार आहे?" ठकू म्हणाली. "माझ्या दोनशे मेंढरांची नावं मी सांगते, मावशी, पण वानरं माझ्याच्यानं नाही व्हायची."

"तुझ्याच्यानं नाही, माझ्याच्यानं नाही. आपल्याला कामाची तोंडं तेवढी कळतात. ह्याला अजून कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं ते ठाऊक नाही. म्हणून ह्याला सगळीच कळतात."

तिने मूल मांडीवर घेतले आणि त्या वानरासमोर धरले. मूल डोळे विस्फारून बघत राहिले. बघितले, बघितले आणि कंटाळले. जांभई देऊन अंगठा चोखू लागले. सूर्य कड्यावर आला. पंचाक्षाने वानरे एकत्र सोडली आणि पुन्हा रांगेत बसवली. धुरपदा मुलाला घेऊन रांगेसमोरून चालू लागली. पहिल्या वानरापाशी मुलाचे डोळे मोठे झाले. दुसऱ्यापाशी मोठे झाले. तिसरे, चौथे, पाचवे, सगळी नवी. नवव्यापाशी मुलाने एकदा बघितले, मान फिरवली आणि धुरपदाच्या कानातली बुगडी ओढू लागले.

धुरपदाने नवव्या वानराला हात लावला.

"हे वय मी विसरलोच होतो," पंचाक्ष म्हणाला. "एक झालं."

दुसऱ्या कामासाठी तो त्यांना डोंगराच्या मागे घेऊन गेला. तिथे सात गुहा होत्या. सातही गुहांच्या तोंडाशी ऊद जळत होता, नाक चालू नये म्हणून.

"एका गुहेत वटवाघळं आहेत. तिथंच झरा आहे. त्या झऱ्याचं तांब्याभर पाणी आण. चुकीच्या गुहेत पाऊल टाकलंस तर गुहा तोंड मिटते आणि पुन्हा उघडत नाही."

धुरपदा प्रत्येक गुहेपाशी कान लावून उभी राहिली. पहिली शांत. दुसरी शांत. पाचव्या गुहेपाशी तिला बारीक घूं घूं ऐकू आली. "ही!" ती म्हणाली आणि पाऊल उचलले.

ठकूने तिचा पदर मागून ओढला. "ही नव्हे, मावशी! तिसरी! तिसरीत टोचतंय नुसतं, किर्र किर्र. कानात सुया घातल्यासारखं."

"तिसरीत काही नाही. मी ऐकलं ना."

"मी पण ऐकलं ना!"

"मला पाचवीत ऐकू येतं, पोरी. स्पष्ट."

"मग कान झाकून बघ, येतं का ते."

धुरपदाने दोन्ही कानांवर हात दाबले. घूं घूं तशीच चालू होती. ती तिच्याच कानात होती, कित्येक वर्षांची, आणि आज पहिल्यांदा तिने तिला गुहेत बसवले होते. ती तिसऱ्या गुहेपाशी गेली. आत अंधार होता आणि तिच्या लेखी शांतता होती. साऱ्या जिवाने सांगितले, इथे काही नाही.

"पोरी, नक्की?"

"नक्की."

"चुकलीस तर माझा नातू जातो."

ठकूचा चेहरा उतरला. तिने पुन्हा कान दिला, ओठ दाबून, डोळे मिटून. "तिसरीच," ती हळूच म्हणाली.

धुरपदाने शांततेत पाऊल टाकले. गुहा मिटली नाही. दहा पावलांवर डोक्यावरून पंखांचा वारा गेला, आणि पुढे हाताला झऱ्याचे गार पाणी लागले. पाण्याला वाळ्याचा वास होता. तांब्या भरून ती बाहेर आली.

"दोन झाली," पंचाक्ष म्हणाला. "आता तिसरं. हे पाणी राजाला पाजव. आधी कुणी चाखायचं नाही, अंगठी बुडवून बघायचं नाही, जबरदस्ती करायची नाही, लपवून द्यायचं नाही. स्वतःला न कळणारी गोष्ट दुसऱ्याच्या शब्दावर त्याने पहिल्यांदा पत्करली, की त्याचा वर मोडेल. कपट केलंस तर हे नुसतं पाणी राहील. मग पुन्हा माझ्या दाराशी येऊ नकोस."

"त्याने पन्नास वर्षांत कुणाच्या हातचं सरळ काही घेतलेलं नाही."

"म्हणून तर तिसरं," पंचाक्ष म्हणाला आणि चिखलाकडे वळला.

हद्दीचा दगड ओलांडला आणि वास पुन्हा विझले. पदर पुन्हा नुसता पदर झाला. धुरपदाने तांब्याच्या तोंडाला केळीचे पान बांधले होते, ते दोन्ही हातांनी धरून ती चालत राहिली. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला ती राजवाड्यावर पोचली. आधी घरी जावे असे पाय म्हणत होते. तिने पायांचे ऐकले नाही. घरी जाऊन बाळाचे तोंड बघितले असते, तर तिच्याने परत निघवले नसते.

सुईणीला राजवाड्यात कुणी अडवीत नाही. मुदपाकखान्याच्या दाराशी राजाचा चाखणारा बाजीबा उभा होता. त्याची मुले धुरपदाच्याच हातांवर जन्मली होती.

"धुरपदाक्का, उन्हाची इथं कुठं?"

तिने सगळे सांगितले. बाजीबाने इकडेतिकडे बघितले.

"दे तांब्या. खिरीत ओततो. त्याला काय कळतंय?"

"आणि चव बघायचं काम तुझं ना?"

"अक्का, मला चव लागून पंधरा वर्षं झाली. आता मी काय करतो सांगू? घास गिळतो आणि राजापुढं घटकाभर उभा राहतो. पडलो नाही की राजा जेवतो." तो हसला, पण डोळ्यांतून नाही. "दे, लवकर दे. तुझं लेकरू तिकडं टाचा घासतंय."

धुरपदाचे हात पुढे झाले. किती सोपे होते! एक पळी खीर, एक तांब्या पाणी. तिच्या बोटांनी पानाची गाठ सोडायला घेतली सुद्धा. मग तिने तांब्या छातीशी ओढला आणि पाठ फिरवून चालू लागली. थांबली असती तर दिला असता.

राजा सिंहकेतू पाटावर एकटाच बसला होता. ताट समोर, जेवण निवत चाललेले. धुरपदा त्याच्या समोर, उजेडात, हात दीड हात अंतरावर बसली. म्हाताऱ्या माणसाशी ओरडून बोलू नये, हे तिला ठाऊक होते. ती खालच्या पट्टीत, सावकाश बोलली.

"महाराज, हे पाणी घ्या."

"बाजीबा कुठं आहे?"

"त्याने चाखायचं नाही. कुणीच चाखायचं नाही."

राजाने तांब्याकडे बोट केले. "विष घेऊन इतक्या साळसूदपणे कुणी आलं नव्हतं. कशाचं पाणी आहे?"

मग तिने त्याला वराची गोष्ट सांगितली. रातकिडे, निळी लुगडी, पाटी लांब धरणारी पोरे. ऐकता ऐकता राजाचे हात ताटाच्या कडेवर आवळत गेले.

"खोटं," तो म्हणाला. "जग म्हातारं झालंय. मी एकटा नाही."

"जग म्हातारं होत नाही, महाराज. जगात रोज कुणीतरी जन्मतं. माझा नातू चार दिवसांचा आहे, आणि त्याला तुमचं पंच्याहत्तर वर्षांचं नाक मिळालंय. आई हाताशी आहे आणि त्याला सापडत नाही. आज किंवा उद्या तो जाईल."

राजा म्हणाला, "या पाण्यात काही नाही हे तुला कळतं का?"

"इथं नाही कळत. मीही आत्ता तुमच्याच नाकाने हुंगते आहे. पलीकडे हुंगलं तेव्हा वाळ्याचा वास होता. काल मी एका अंधाऱ्या गुहेत शिरले. माझ्या कानांनी सांगितलं, इथं काही नाही. एका अठरा वर्षांच्या पोरीने सांगितलं, आहे. मी तिचं ऐकलं."

"का?"

"तिचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. दुसरं काय?"

"माझ्या बापानेही असंच कुणाचं तरी ऐकलं होतं." राजाचा आवाज एकदम म्हातारा झाला. "दूध होतं. मी शेजारी बसलो होतो, बाई. त्यांनी पेला तोंडाला लावला, आणि मी बघत होतो."

घरी लेकराचा श्वास मोजला जात होता आणि इथे पन्नास वर्षांपूर्वीचे एक भेदरलेले पोर तिच्यापुढे बसले होते. तिला दोघांनाही उचलून घ्यावेसे वाटले. शेवटी तिच्या कामाचे तेवढेच तिला सुचले.

"महाराज, जन्मल्यावर तुम्ही पहिला घोट घेतला, तो तुम्हाला कुणी चाखून दिला होता?"

राजाने ताट बाजूला सारले.

"डोळे धड उघडत नव्हते. आई कशी असते ते ठाऊक नव्हतं. तरी प्यालात. सगळेच पितात. म्हणून तर आपण दोघं इथं बोलतो आहोत."

बाजीबा दारात येऊन उभा राहिला होता, त्याला आत यायचे धाडस होईना. राजाने हात पुढे केला. तांब्याला हात लावला, पण त्याच्या बोटांना काही धड कळेना.

"गार आहे की कोमट?"

"गार. झऱ्यात हाताला लागलं होतं, आत्ता मलाही कळत नाही."

"गार," राजा म्हणाला. त्याने तांब्या उचलला. थोडे पाणी दाढीवर सांडले. त्याने डोळे मिटले आणि घटाघटा सगळे पाणी पिऊन टाकले.

डोंगरावर पाच रांजण एकाच वेळी फुटले. पंचाक्षाने हात झटकले आणि तो कुठे गेला ते कुणी पाहिले नाही.

नगरात जेवणाची वेळ होती. एका घरात ओरड झाली, मग दुसऱ्या घरात, मग गल्लीच्या गल्ली थुंकू लागली. सारे नगर मिठाने खारे झाले होते! पोरे पाट्या नाकाशी नेऊन हसू लागली. एका रंगाऱ्याने दोरीवर वाळणारी आपली सगळी लुगडी बघितली आणि कपाळावर हात मारला. झाडांवरच्या पाखरांनी चोची उघडल्या आणि त्यांतून आवाज आले, इतके आवाज की तान्ही मुले रडायची थांबली.

बाजीबाने खिरीत बोट बुडवून चाटले आणि त्याचे तोंड वाकडे झाले.

राजा इकडेतिकडे बघत होता. "काय झालं? माझ्यात तर काहीच बदल नाही."

"व्हायचा नव्हता, महाराज," धुरपदा म्हणाली. "ज्याचं त्याला मिळालं. तुमचं तुमच्यापाशी राहिलं."

राजाने हे मनात घोळवले. मग बाजीबाला विचारले, "खीर कशी झालीय?"

"खारट, महाराज. फार वर्षांपासून खारट आहे."

"मग सांगितलं का नाहीस रे, गाढवा?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं?"

राजा हसू लागला. पन्नास वर्षांत कुणी त्याला हसताना पाहिले नव्हते. "आजपासून सांगत जा. काय खारट, काय अळणी, दाराशी कोण कुजबुजतंय. तू सांगशील ते मी मानीन. चल, माझ्या पाटाशी बस. उभं राहून काय जेवायचं?"

हे ऐकायला धुरपदा तिथे नव्हती. ती रस्त्यातून पळत होती. साठ वर्षांची बाई, पदर सुटलेला, थुंकणाऱ्या आणि हसणाऱ्या माणसांतून वाट काढत. दारात पोचल्यावर मात्र तिचे पाय थांबले. आतून काहीच आवाज येत नव्हता. तिने उंबरठा धरला. आत जाववेना.

मग वास आला. बाळंतिणीच्या खोलीचा, शेकशेगडीचा, ओव्याचा, दुधाचा.

ती आत गेली. हौसा उताणी पडली होती. बाळ तिच्या पोटावर पालथे होते आणि हलत होते. मूठ चाटे, थांबे, पुन्हा सरके. शेजारीण त्याला उचलायला वाकली, तर धुरपदाने तिचा हात धरला. "नको. त्याचं त्याला जाऊ दे." एवढेसे डोके वर झाले, पडले, पुन्हा वर झाले. धुरपदा एक हजार एकाव्या वेळी बघत होती आणि असे कधी बघितले नव्हते. बाळाने तोंड उघडले. छातीला लागले. ओठ मिटले नाहीत.

"आई!" हौसा म्हणाली.

"पितंय का? हौसा, पितंय का ते?" धुरपदाने कान पुढे केला. तिला लेकीचा श्वास ऐकू आला, शेगडीतला कोळसा ऐकू आला, आणि कानातली तिची स्वतःची घूं घूं. बाळाचा घोट फार बारीक असतो. तो तिच्या वयाला ऐकू येण्यातला नव्हता. "मला नाही गं ऐकू येत. तू सांग."

हौसाने मान बाळाकडे वळवली आणि श्वास रोखला.

"पितोय, आई. एक... दोन... गिळतोय बघ. तीन."

धुरपदा भिंतीला टेकून खाली बसली. चार दिवसांत पहिल्यांदा नीट बसली. "मोजत राहा," ती म्हणाली. आणि लेक मोजत राहिली, आई ऐकत राहिली.

ही कहाणी इथे विसावली. ज्याला जेवढी ऐकू आली तेवढी त्याने घरी न्यावी, राहिलेली शेजारच्याला विचारावी, आणि तो सांगेल ती खरी मानावी.